खाडीकाठच्या खुंट्या

शनिवारी चर्चमधली पहाटेची मिस्सा आटोपली की आमची गाडी घराकडे, खलिफा सिटीला, परत न वळता खाडीकडे जायची. गाडीत मी, माझी बायको आणि आमच्याच इमारतीत राहणारं वसईचं एक जोडपं. त्यातला नवरा माझा शाळेपासूनचा मित्र. तो इथे आखातात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी आहे, मी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळतो. मी आयुष्यात एकही तास शिकवला नसला तरी तो मला मास्तर म्हणतो.

डब्यात फुगे, म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोडसर पाव, कोणी गावाहून आलं असेल तर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणि वाटेतल्या कॅफेटेरियातून घेतलेला दाट, दुधाळ करक चहा. तिवरांच्या झाडीपलीकडे वाळूचा एक लहानसा उंचवटा होता. चपला हातात घेऊन, चिखल तुडवत आम्ही तिथे पोचायचो. बायकोची बसायची जागा ठरलेली, पाण्याकडे तोंड करून. तिचं माहेर वसईच्या खाडीला लागून. ओहोटीच्या चिखलाचा वास आला की ती डोळे मिटून म्हणायची, “आलं बघा घर.”

“लोक इथे येऊन अत्तरं घेतात,” मित्र म्हणायचा, “आणि आमच्या वहिनींना चिखल लागतो.”

“तुम्हाला कांद्याशिवाय दुसरा वास कळतो का?” ती विचारायची.

मागच्या एप्रिलमध्ये ती गेली. त्याबद्दल मी इथे फारसं लिहिणार नाही. वर्षाची मिस्सा जवळ आली तेव्हा मित्राच्या बायकोने विचारलं, “भाऊजी, नंतरचा नाश्ता चर्चच्या हॉलमध्ये ठेवायचा ना?” मी म्हटलं, नको, खाडीवर. तिच्या जागी बसून खाऊ. या वर्षात मला हवी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

जागा बघून यावी म्हणून मार्चमध्ये आम्ही तिघं गेलो, तर वाटेच्या तोंडाशी दोरी बांधलेली. बाजूला नवा फलक, अरबीत आणि इंग्रजीत: संवर्धन क्षेत्र, प्रवेश बंद. का बंद, कधीपर्यंत बंद, कोणी बंद केलं, काही नाही. खाली बारीक अक्षरात एक फोन नंबर. आणि पलीकडे वाळूत, उंचवट्याला घेरून, नारिंगी फीत बांधलेल्या लाकडी खुंट्या.

मित्र त्या खुंट्यांकडे बघतच राहिला. “मास्तर, संपलं,” तो म्हणाला. “प्लॉट पडले.”

वसईच्या माणसाला खुंटी दिसली की बिल्डर दिसतो. आमच्या लहानपणी शेतात आधी खुंट्या आल्या, मग तारेचं कुंपण, मग पोहण्याच्या तलावाचं चित्र असलेला मोठा बोर्ड. गावच्या गाव रस्त्यावर बसलं होतं तेव्हा. हा माझा मित्र मिसरूड फुटायच्या वयात पोलीस व्हॅनमध्ये बसून आला होता आणि ते अजून सांगतो. त्यामुळे घरी पोचेपर्यंत त्याने त्या उंचवट्यावर रिसॉर्ट बांधून, त्याला खाडीकडच्या बाल्कन्या काढून, तळमजल्यावर सीफूडचं रेस्टॉरंटसुद्धा सुरू केलं होतं.

“विचारून तरी बघा कोणाला,” त्याची बायको मला म्हणाली.

“कोणाला विचारणार? आपण इथे व्हिसावर,” तो म्हणाला. “त्यांची खाडी, त्यांची खुंटी. खलास.”

रात्री मुलीचा फोन आला. ती इथेच वाढली, आता स्कॉटलंडमध्ये असते, तिथल्या एका राष्ट्रीय उद्यानाजवळ. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. सगळं ऐकून म्हणाली, “पप्पा, जस्ट आस्क देम.” तिच्याकडे म्हणे डोंगर असो की तळ्याचा काठ, कोणालाही चालायचा हक्क आहे, मालक कोणीही असो. मी म्हटलं, मग बरं आहे तुमचं. “नॉट दॅट सिम्पल,” ती म्हणाली. एका तळ्याकाठी लोकांनी तंबू ठोकून, झाडं तोडून, कचरा टाकून काठाची वाट लावली. शेवटी वर्षातले काही महिने परवान्याशिवाय तंबू बंद झाले. त्यावर लोक भांडले, अजून भांडतात. पण उद्यानाचं मंडळ उघड सभा घेतं, कोणीही जाऊन बसू शकतं.

मी पुस्तकातला माणूस. तो कायदा शोधून वाचला. चालायचा हक्क दिला आहे तो जबाबदारीने चालणाऱ्याला, हे मला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून मी फलकावरचा नंबर लावला. कोणीतरी माझं म्हणणं लिहून घेतलं आणि “इन्शाल्ला” म्हणून फोन ठेवला.

“इन्शाल्ला म्हणजे नाही,” मित्राने निकाल दिला.

पण दुपारी त्या कार्यालयातल्या एका मुलीचा फोन आला. खाडीचं काम तीच बघते म्हणाली. शनिवारी सकाळी या, मी तिथेच असते.

ती आली तेव्हा तिच्या काळ्या अबायाची कड चिखलाने भरलेली होती, पायात गमबूट, खांद्यावर दुर्बीण आणि तिचा तिवई स्टँड. हिंदी चांगली बोलत होती. सिनेमे बघून शिकले म्हणाली. मित्राला धीर नव्हता. त्याने खुंट्यांकडे बोट दाखवून सरळ विचारलं, “मॅडम, कितने मंजिल का बनेगा?”

तिला कळेना. “क्या बनेगा, अंकल?”

“होटल.”

तिने खुंट्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “एक ही मंजिल है,” ती म्हणाली. “छत भी नहीं है. देखेंगे?”

तिने दुर्बीण लावून दिली. मित्राने डोळा लावला. मग म्हणाला, “मास्तर, बिल्डर अंड्यांवर बसलाय.”

मी पाहिलं. वाळूच्याच रंगाचा एक मुठीएवढा चिखल्या पक्षी, बायको जिथे बसायची बरोबर तिथे, पिसं फुगवून बसला होता. घरटं असं नव्हतंच, वाळूत नुसती खळगी. हिवाळ्यात लोक चारचाकी बाइक थेट वाळूवर घालत होते, त्यांच्या चाकांचे चर पाण्यापर्यंत गेलेले तिने दाखवले. बंदीचं कारण फलकावर लिहिलं तर लोक अंडी बघायला येतील म्हणून लिहिलं नव्हतं, असं ती म्हणाली.

“कधीपर्यंत बंद, ते तरी लिहायला हवं होतं,” मी म्हणालो. “आणि नंबर कोणाचा आहे ते.”

तिने फलकाकडे पाहिलं. “सही बात है,” म्हणाली. “वो गलती है.”

मग मी तिला वर्षाच्या मिस्सेचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, उंचवट्याकडे पाहिलं. “अंकल, आप अकेले आइए उस दिन. मैं साथ चलूँगी. पाँच मिनट.”

ती मनापासून म्हणत होती. मी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. ऊन चढत होतं. पक्षी उठून उभा राहिला आणि आपली सावली अंड्यांवर पडेल असा वळला. माझी बायकोही तशीच वळायची, मुलगी पाळण्यात असताना, खिडकीतून ऊन आलं की. मला आतून हसू आलं. कित्येक महिन्यांत असं आलं नव्हतं.

“नको,” मी म्हटलं. “बसू दे त्याला.”

“मग नाश्ता?” मित्राच्या बायकोने विचारलं.

कार्यालयातल्या मुलीने आम्हाला उलट विचारलं. तुम्ही इतकी वर्षं इथे येता; पक्ष्यांच्या वाटेत न येता, सगळ्यांना पाण्यापर्यंत जाता येईल असा रस्ता कुठून काढू? मित्र पुढे झाला. त्याला ओहोटीची घट्ट जमीन पायाने कळते. तो चालत गेला, ती मागून खुंट्या ठोकत गेली. त्याच्या हातातही तिने एक जुडगा दिला. “आयुष्यात खुंटी ठोकीन असं वाटलं नव्हतं,” तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात फलकावर नव्या ओळी आल्या: कधीपर्यंत बंद, पाण्याकडे जायची वाट कुठून, आणि विचारायचं असेल तर कोणत्या कार्यालयाला.

एप्रिलमध्ये मिस्सा झाली आणि चर्चमधली वसईची बरीच माणसं आमच्यामागून खाडीवर आली. ओहोटी होती, चिखलाचा वास नव्या वाटेशेजारी आम्ही बसलो होतो तिथपर्यंत भरून आला होता. कार्यालयातली मुलगी खजूर घेऊन आली. मित्राने तिच्या ताटलीत फुगे वाढले आणि नेहमीसारखा मोठ्याने काहीतरी सांगायला लागला, तोच त्याच्या बायकोने त्याचा दंड धरला. दोरीपलीकडून कापसाच्या बोंडांएवढी पिल्लं, काडीसारख्या पायांवर, पाण्याकडे धावत सुटली होती. आईबाप मागेपुढे.

मित्र तिथेच खाली बसला आणि सगळ्यांना हाताने गप्प केलं. वसईची इतकी माणसं एका जागी कुजबुजत जेवताना मी पहिल्यांदाच पाहिली.