हार्टवाल्यांचं बाकडं आन् दगडूभाऊची फौज

चार बाया नळावर जमल्या तरी किस्से होतात; आम्ही तर हार्टच्या ओपीडीत एकाच बाकड्यावर सकाळपासून दुपारपर्यंत बसतो. मग काय, गोळ्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत! बाकड्यावर आम्ही तिघं. मी, गुलमंडीतले कापडवाले चाचा आन् चितेगावचा दगडूभाऊ. तिघांनाही आधी साधा व्हायरल ताप आला, आन् ताप गेल्यावर कळलं, हृदयाचा स्नायूच ढिला पडलाय.

*

मी डॉक्टर मॅडमला सरळ विचारलं, "ताप गेला, मग हृदय कशानं बिघडलं?"

मॅडम म्हणाल्या, "व्हायरसशी लढायला शरीराची फौज उठते. कधीकधी व्हायरस संपतो, पण फौज थांबत नाही. हृदयालाच मारत बसते."

"म्हंजे चोर पळाला, आन् पोलिसांनी घरमालकालाच धुतला!"

मॅडम खो खो हसल्या. आता दर नव्या पेशंटला हेच सांगतात. माझं नाव घेत नाहीत, ते सोडा!

*

ही फौज तपासायला एकदा आमचं रक्त घ्यायचं ठरलं. सिस्टरनं एकेकाच्या पुढं बाटल्यांची रांगच मांडली. चाचा बघतच राहिले.

"बेटी, नमूना ले! पूरा तागा मत फाड!"

*

पुढं मॅडम म्हणाल्या, "फ्लूची लस घ्या. लस म्हणजे फौजेला चोराचा फोटो आधीच दाखवून ठेवायचा. आता दुसरा ताप तुमच्या हृदयाला झेपायचा नाही."

मी घेतली. चाचांनी घेतली. दगडूभाऊ अडला!

"फोटो बघून फौज उठली, आन् परत माझ्याच छाताडावर आली तर? झोपलीय ती झोपू द्या!"

त्याची बायको सुमन पदरानं डोळे पुसायला लागली. उगं नाय, पहिल्याच तापात हा गडी जाता जाता राहिला होता.

चाचा म्हणाले, "दगडू, मैं बी लिया ना, मर गया क्या?"

"चाचा, तुमची फौज म्हातारी. तिला फोटो दिसतोय कुठं!"

*

मग माझं डोकं फिरलं. "सुई घेतल्याबिगर या बाकड्यावर टेकायचं नाय!" म्हणलं, आन् त्याच्या जागेवर पाय पसरून बसले. उरलेल्या कोपऱ्यात चाचांनी पिशवी ठेवली. दगडूभाऊ भिंतीला टेकून उभा. जरा येळानं गुमान सिस्टरपुढं जाऊन दंड उघडा केला.

"दे बाई सुई. फौज परवडली, ही आक्का नाय!"

*

त्याच दिवशी सांजच्याला सुमनचा फोन. "आक्का, ह्यांचं अंग कोमट लागतंय. आन् ह्यांना ताप आला म्हणून निम्मं गाव भेटायला दारात उभं!"

"लशीनं अंग जरा तापतंच, मॅडम बोलल्या होत्या ना! पण त्या गर्दीत खोकतंय कोण?"

"सगळेच!"

"आगं मग कडी लाव की!"

कडी वाजली. फोन चालूच होता. आतून दगडूभाऊ ओरडला, "मेलो म्हणून सांग, पण एकालाबी आत घेऊ नको!"

सुमन आधीच घाबरलेली. तिनं खिडकीतून जसंच्या तसं सांगितलं, "ते मेले म्हणतायत! जावा आता घरी!"

 बाहेरून कुणीतरी खोकत खोकत विचारलं,

"बरं. मग मातीला किती वाजता यायचं?"