शेळीनं खाल्लेलं शेवटचं पान

चंद्री शेळीच्या तोंडातून नायकाचा अर्धा चेहरा लोंबत होता... कपाळावर झुलणारी बट, एक डोळा आणि बोलण्याच्या पांढऱ्या फुग्यातला ‘तुझ्याविना’ एवढाच शब्द. ताई ओरडत धावली, तोवर तेही गेलं. चंद्री तोंड हलवत पुढच्या बोरीकडे निघाली.

जतकडच्या आमच्या उजाड माळावर मेंढरांमागे बसून मी आणि माझी थोरली बहीण प्रेमाच्या चित्रकथा वाचायचो. सांगलीच्या हळदपेठेत हमाली करणारा, शेजारच्या गावचा मामा त्या रद्दीतून आणायचा. पान उघडलं की हळदीचा कोरडा, उग्र गंध यायचा, त्यात लोकरीचा उबट वास मिसळायचा – प्रेम म्हटलं की मला आजही तोच वास आठवतो, गुलाबाचा नाही.

मी तेव्हा लहान. दिसेल त्या नायकावर भाळायची. ताईच्या पसंतीला मात्र एकही उतरत नसे. “काम न्हाई का धंदा न्हाई, दर पानावर आपला झाडाला टेकून हुबा,” ती म्हणायची. नायिका रडू लागली की आणखी चिडायची. “आदी इचारावं, मग रडावं. ही उलटंच करती!” बागेत नायकाबरोबर दिसलेली परकी मुलगी त्याची बहीणच निघणार, हे ती पहिल्या दोन-चार पानांतच सांगून टाकायची आणि माझा सगळा विरस करायची.

एक कथा मात्र तिनं जिवापाड जपली होती. त्यातल्या शालिनीला नर्सच्या शिक्षणासाठी शहरात जायचं असतं. देखणा, श्रीमंत नायक म्हणतो, लग्न कर, शिकायचंय कशाला. शेवटून दुसऱ्या पानावर ती फलाटावर उभी आहे – मागे सुटायला आलेली गाडी, पुढे हात पसरलेला तो... आणि त्यापुढचं पान आम्ही वाचायच्या आधीच चंद्रीच्या पोटात.

“ती गाडीत बसली,” ताई म्हणाली.

“न्हाई, माघारी फिरली. लगीन झालं त्यांचं,” मी म्हणाले.

“तुला काय कळतंय? हातातली बॅग बघ की तिच्या. माघारी फिरणारी बाई आदी बॅग खाली ठेवती.”

तो उन्हाळा आम्ही याच वादात घालवला. मला ती नुसती गोष्ट वाटत होती. ताई बारावी पास झाली होती आणि तिलाही सांगलीला जाऊन नर्स व्हायचं होतं, हे ठाऊक असूनही मला काही उमगलं नाही. त्याच उन्हाळ्यात मामानं तिला आपल्या मुलासाठी मागितलं. आमच्यात मामाच्या मागणीला कुणी नाही म्हणत नाही.

“आवं आबा, शिकू तर द्या. मग करते की लगीन,” ताई वडिलांना म्हणाली.

“मामाचं घर म्हंजी आपलंच घर, पोरी,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, पण बोलणं तिथंच संपलं.

ताई सासरी निघताना मी तिच्या हाताकडे बघत होते. तिनं बॅग खाली ठेवली नाही. जीपमध्ये बसवताना मामीनं ती तिच्या हातातून काढून घेतली.

दुसऱ्या बाळंतपणात ताई गेली. दवाखान्याच्या वाटेवरच गेली. मला तिचं तोंडसुद्धा नीट बघता आलं नाही, इतकी बायकांची गर्दी होती...

आता मी सांगलीतच नोकरी करते. मागच्या महिन्यात रद्दीच्या दुकानात एका गठ्ठ्यात शालिनी दिसली – तीच कथा, सगळी पानं शाबूत. दुकानातच उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं. मुंडावळ्या, हार, लाजलेली नजर. बॅग कुठंच नव्हती. वाद मी जिंकले होते आणि ते सांगायला ताई नव्हती. जिंकून इतकं रडू येतं, हे मला माहीत नव्हतं.

सुट्टीला गावी गेले तेव्हा पुस्तक बरोबर नेलं. माळावर चंद्रीच्या वंशातली एक शेळी बोरीला तोंड लावून उभी होती. मी शेवटचं पान हलकेच फाडलं आणि तिच्यापुढे धरलं. तिनं हुंगलं आणि खाल्लं.

उरलेलं पुस्तक माझ्या कपाटात आहे. शालिनी फलाटावर उभी आहे, गाडी अजून सुटायची आहे... आणि बॅग तिच्याच हातात आहे.