दगडूची मूठ

आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीने त्या श्रावणात माझ्यावर कृपा केली की मला शिक्षा दिली, हे मला आजही सांगता येत नाही. घडले तसे लिहितो.

माझा धाकटा भाऊ दगडू तिशीचा होता, पण समज लहान पोराची. पारोळ्याजवळ नदीपलीकडे आमचे कपाशीचे शेत. शेजारच्या शेताची राखण करणारा सुपडू एका पायाने अधू. तोच दगडूचा एकुलता मित्र. दगडू त्याला पाठीवर घेऊन बांधाबांधाने हिंडे. लोक हसले की सुपडू म्हणे, "हसा! याले अक्कल कमी, माले पाय कमी. दोन्ही मिळीसन एक पुरा गडी शे!" मला मात्र त्या दोघांची लाज वाटे.

कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणासाठी, आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ भरून गहू घेतात. आईने दगडूला मोजायला शिकवले ते या मुठींवरच. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आले. त्या वर्षी मुलीसाठी पाहिलेल्या शिंदखेड्याच्या स्थळाची माणसे दर्शनाला येणार होती. दगडूची मूठ घेतली तर पाहुण्यांसमोर त्याचे ताट मांडावे लागेल, म्हणून मी माझी आणि दोन मुलांची मूठ घेऊन हात झटकले. उंबऱ्यावर बसून तो बोटे मोजत होता.

"भाऊ, मनी मूठ?"

"पुढला सालले," म्हणालो, आणि रोटाच्या दिवशी त्याला शेतातल्या खोपीवर पाठवून दिले.

पाहुणे खूश होऊन गेले. संध्याकाळी नदीला पूर आला. काठावरून हाका मारल्या. पलीकडून ओ आली नाही. रात्रभर मी कानबाईपुढे बसलो. सोयरीक मोडू दे, पण तो जिवंत असू दे, एवढेच मागितले.

सकाळी कानबाईच्या विसर्जनाला नदीवर गेलो, तेव्हा पलीकडून सुपडू ओरडला, "भाऊ, घाबरू नका! दगडू मनाजोडे शे!"

पाणी उतरल्यावर धावलो. दगडू तापाने फणफणला होता. सुपडूकडून मूठभर गहू मागून घेऊन तो पुरातून घरी यायला निघाला होता. "मनी मूठ दी येसु, म्हने," सुपडू सांगत होता. "मी त्याना गळामा पडनू, सोडं नही." धड उभे राहता न येणारा तो माणूस भर पावसात रात्रभर माझ्या भावाच्या गळ्याला ओझे होऊन लटकला होता. दगडूची मूठ मी उघडली. आत गहू भिजून फुगले होते.

ताप उतरला नाही. पोळ्याआधीच दगडू गेला. पण ते थोडे दिवस त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. मी रडत माफी मागितली, तर त्याने विचारले, "सुपडू जेवना का?"

शिंदखेड्याला जाऊन मी सगळे सांगितले. सोयरीक मोडली.

पुढच्या श्रावणात मी दगडूची मूठ घेतली आणि त्या ताटावर सुपडूला बसवले. रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत. चुलते ताटावरून उठून गेले. सुपडूने मान खाली घालून शेवटचा तुकडाही संपवला. घरचे कोण, हे ठरवणे मी तेव्हापासून कानबाईवर सोडले आहे. मी फक्त दगडूची मूठ भरतो, आणि त्या ताटावर बसायला सुपडू येतो म्हणून हात जोडतो.