हिरव्या बटाट्यांचे वेफर्स

दोन हजार सालाच्या आसपास मंचरजवळ माझा वेफर्सचा छोटा कारखाना होता. शाळा चौथीपर्यंत, पण धंद्यातलं मला कुणी शिकवायचं नाही, हा ताठा. बाकीचे बटाट्याचा ढीग उसाच्या पाचटाखाली झाकून ठेवायचे. मी शेडला उजेड आत सोडणारे पत्रे घातले आणि बटाटे मोकळे पसरले. ते हिरवे पडले. मी म्हणायचो, हिरवा म्हणजे ताजा. साल काढणं ही मला नासाडी वाटायची, सालीसकट तळायचो.

प्रत्येक घाणा आधी बायको चाखायची. एका चतुर्थीला लेण्याद्रीला पाठवायचा उपासाचा माल तळत होतो.

"अवो, कडवट लागतंय. घशात चुरचुरतंय."

"तुझ्या जिभेला चवच ऱ्हायली न्हाई. मला धंदा शिकवू नको."

कामाच्या बाया हसल्या. मी हट्टानं तिच्यापुढं ताटभर वेफर्स ठेवले. तिचाही उपास होता. तिनं ताट संपवलं. संध्याकाळपासून उलट्या, पोटात कळा. दोन दिवस अंथरुणात. मी म्हणालो, पित्त झालं.

लेक पुण्यात एका प्रयोगशाळेत कामाला. आईला बघायला आली, ती त्याच घाण्याची पिशवी घेऊन गेली. आठवड्यानं तिचा फोन आला.

"बाबा, वेफर्स कुटून त्यातलं विष मोजलं. उजेडात हिरव्या पडलेल्या बटाट्यातच तयार होतं ते. लई निघालं."

"तळल्यावर कसलं विष ऱ्हातंय? मशिन बिघडलं आसंल तुझं."

"दोनदा मोजलं. तळून ते जात न्हाई. चांगले बटाटे सोलून तळले, ते बी मोजले. त्यात नावाला हाय. आई बरोबर बोलत व्हती. तिला फोन द्या."

"मी सांगतो तिला."

उरलेला माल खड्ड्यात पुरला. लेण्याद्रीला गेलेला तोवर लोकांच्या पोटात गेला होता. पत्र्यांना काळा रंग दिला. बायकोनं विचारलं, कशाला?

"ऊन लागतंय."

तिनं घाणा चाखणं सोडलं ते सोडलंच. म्हणायची, "माझी जीभ गेली. तुमीच बघा." जे मशिननं दोनदा मोजून सांगितलं, ते तिनं एका घासात ओळखलं होतं. एवढंच तिला सांगायचं होतं. भर बाजारात व्यापाऱ्यांशी भांडणारा मी, ते माझ्या तोंडातून आजवर निघालं नाही.

आताही ती चुलीपाशी सुनेला म्हणतीय, "आमटीतलं मीठ बघ गं, मला कळत न्हाई." मी इथं लिहीत बसलोय. लिहायला धीर होतो, कारण तिला वाचता येत नाही.