उलटा फर्मा
बूढापारा मोहल्ल्यातल्या नरहरभैयांच्या प्रकाशनातून प्रोफेसर लोकांची जाडजाड पुस्तकं निघत. सत्यभामानं तीस वर्षं त्यांचे फर्मे, म्हणजे छापून दुमडलेले सोळापानी गठ्ठे, सुईदोऱ्यानं शिवले, पण पुस्तकं सगळी कॉलेजांच्या कपाटात जाऊन बसली; तिच्या घरी एकही आलं नाही. धानाच्या जुन्या वाणांवरचं हे शेवटचं, मग प्रकाशन बंद. भैयांनी एक प्रत उघडली, तर मधला फर्मा उलटा!

"बाई, आजवर नाही झालं, आताच काहून?"

"डोळे भरून येऊन राहिले होते, भैया. खराब झालं तं मलेच द्या. मले कुठं वाचता येते? उलटंसुलटं सारखंच."

भैया हसले, चष्मा पुसला आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'शिवण : सत्यभामा'.

आपलं नाव तेवढं तिला वाचता येत होतं. तिनं ते दोनदा वाचलं.