गल्लीतली येळवस

घाटनांदूरला राहत्या घराला लागूनच माझी पिठाची गिरणी आहे. दिवसभर काट्यावर धान्य तोलणाऱ्या माणसाला घरातही तोलायची खोड लागते. बायको अंबाजोगाईला नर्स आहे. ती सकाळी सातच्या एसटीनं जाते, म्हणून आमच्या लेकीचा डबा माझ्याकडे.

लेक तेव्हा चौथीत होती. दिवाळीनंतर शाळेच्या मैदानावर खो-खो खेळताना तिला भोवळ आली. अंबाजोगाईला नेलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक एक निघालं. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण निम्मं काम ताटाचं. अकरा होईपर्यंत पळणं बंद. फेब्रुवारीत परत आणा."

तालुक्याच्या स्पर्धा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात होत्या आणि लेक संघात होती. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

मी म्हणालो, "नीट खाल्लंस तर होईल अकरा."

"आन् न्हाई झालं तर?"



दुसऱ्या दिवसापासून मी डबा तोलायला लागलो. सकाळी भरलेला किती, संध्याकाळी परत आलेला किती. वजाबाकी ती पोटात गेलेली. मेथीचे धपाटे एकशे ऐंशी ग्रॅम गेले, एकशे चाळीस परत आले. पालकाच्या पुऱ्या केल्या तर म्हणाली, "हिरव्या हायत." बीट घातलं तर म्हणाली, "पप्पा, हे लई लाल हाय, माझ्याच्यानं बघवत न्हाई." हुलग्याच्या पिठाच्या मी चांदण्या कापल्या. अकरा चांदण्यांपैकी तिनं चार खाल्ल्या आणि उरलेल्या सातांचे डब्याच्या झाकणात सप्तर्षी मांडून आणले. मांडणी अगदी बिनचूक होती, त्यामुळे मला रागावताही येईना.

एकदा मात्र ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे आणि गूळ असा डबा दिला आणि तो स्वच्छ रिकामा आला. मी काट्यासमोर दोन गिरक्या घेतल्या.

लेक म्हणाली, "मैत्रिणीनं खाल्लं. तिला लई आवडलं."

मैत्रीण अंगानं माझ्या लेकीच्या दीडपट होती.

मग आली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. आम्हाला शेत नाही, म्हणून समोरच्या घरातल्या काकूंच्या शेतात जातो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून झोपडीसारखी कोप केलेली असते, तिच्यात पूजा होते आणि मग जेवण: बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, चिंच, शेंगदाणे, सगळं एकत्र शिजवलेलं. या यादीतला एकेक जिन्नस माझ्या लेकीनं घरी स्वतंत्रपणे नाकारलेला होता.

त्या दिवशी तिनं तीन वाट्या भज्जी खाल्ली.

एवढ्यावर थांबली असती तरी मी धन्य झालो असतो. पण येळवशीला बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात आणि जाणाऱ्यानं नाही म्हणायचं नसतं. पोरं मुद्दाम बांधाबांधानं फिरतात. आमची लेक नऊ पोरांच्या टोळीत पाच शेतं फिरली आणि मी वीस पावलं मागं राहून मोजत होतो. एकूण भज्जी सात वाट्या, उंडे पाच, आंबील किती ते सांगता येत नाही, कारण निम्मी अंगावर सांडली.

बायको म्हणाली, "अहो, मोजू नका. नजर लागंल."

मी म्हणालो, "नजर नाही, सरासरी काढतोय."

दुसऱ्या दिवशी काकूंना विचारून, दाण्यादाण्याचं वजन करून मी तीच भज्जी घरी केली. लेकीनं दोन चमचे खाल्ले.

"अगं, कालचीच आहे."

"न्हाई. ही घरातली हाय."

हे मला पटलं. चिंचेपर्यंत सगळं तेच होतं, म्हणजे राहिलं होतं ते फक्त शेत. मी कडब्याच्या बारा पेंढ्या आणल्या आणि गच्चीवर कोप उभी केली. लेक हरखली. पहिल्या दिवशी कोपीत बसून दीड वाटी खाल्ली, दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी ती अर्ध्या वाटीवर आली होती, तेवढ्यात कोपीची मागची भिंत हलली आणि कडब्यातून एक दाढी आत आली. मागोमाग तोंड. बाहेरच्या जिन्यानं काकूंच्या तिन्ही शेळ्या वर चढल्या होत्या आणि तीन बाजूंनी शेत खात होत्या. एकीला ओढावं तर दुसरी शिरायची. कोप माझ्या डोक्यावर बसली. लेक हसून हसून आडवी झाली. "पप्पा, तुमाला बी खातीय!" एवढंच तिला म्हणता येत होतं.

आरडाओरडा ऐकून काकू वर आल्या.

"भाऊजी, माझ्या शेळीवर का म्हून वरडता? गच्चीवर कडबा कुनी ठेवतं का?"

"कडबा नाही काकू, हे शेत आहे. येळवस चाललीय."

काकूंनी कंबरेवर हात ठेवून कोपीच्या अवशेषांकडे पाहिलं. "येळवस? आन् जेवाया बोलवलंय कुनाला? एकट्या लेकराला पेंढ्यात कोंबलंय आन् म्हनं येळवस! शेळ्या बऱ्या, पाहुन्यासारख्या आल्या तरी."

वजनं मी सगळी घेतली होती. टोळीचं घेतलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी पाच वाजता काकूंनी आपल्या दारात उभं राहून गल्लीतल्या पोरांना हाक घातली, "ए, या की रे! जेवल्याबिगर पुढं जायचं न्हाई!" पोरं थबकली, एकमेकांकडे पाहिलं आणि झेपावली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दारातून हाक आली. आठवड्यात गल्लीत पाच शेतं झाली. एका दारी हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, एका दारी जवसाची चटणी लावून गुंडाळलेली भाकरी, एका दारी गुळातले तीळ, काकूंकडे भज्जी, आमच्याकडे हुलग्याचे शेंगोळे. वाटी लहानच ठेवायची असा नियम मी घातला, म्हणजे पाच दारांत मिळून एक पुरं जेवण होतं. नियम कुणी पाळला नाही. बायकांत चुरस लागली होती.

आमच्या दारात मात्र पहिले दोन दिवस कुणी फिरकेना. लेकच येऊन कानात म्हणाली, "पप्पा, गिरनीत नंबर पुकारल्यावानी नगा बोलवू! जरा प्रेमानं."

मी गळा साफ केला आणि भर रस्त्यात, गिऱ्हाइकांच्या देखत, दोन्ही हात पसरून ओरडलो, "या हो या, माझ्या वावरात या!" नऊ पोरं एकदम अंगावर आली. पातेलं चार मिनिटांत रिकामं झालं. शेंगोळ्यांची तिसरी वाटी घेणारी माझी लेक होती. काटा घरात होता. मी आणायला गेलो नाही.

फेब्रुवारीत आम्ही तिघं परत डॉक्टरांसमोर बसलो. कागद माझ्या हातात होता. आकडा होता दहा पूर्णांक नऊ.

लेकीनं कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "अकराच म्हना ना, पप्पा. एका पॉइंटानं काय हुतंय?"

मला अकरा म्हणता आलं नाही. दहा पूर्णांक नऊ म्हणजे दहा पूर्णांक नऊ. मी डॉक्टरांना म्हणालो, "पॉइंट एक कमी आहे. तुम्ही अकरा म्हणाला होता." बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

डॉक्टर कागद बघून हसायला लागले. "अहो, मशीन सुद्धा एवढं इकडंतिकडं दाखवतं. नऊवरनं इथपर्यंत आली पोरगी! काय खायला घातलं?" मी पाच दारं सविस्तर सांगायला तोंड उघडलं, पण ते लेकीकडे वळले होते. "औषध अजून चालू ठेवायचं. आणि पळायचं."

"कवापासून?" लेकीनं विचारलं.

"आत्तापासून पळ."

डॉक्टर गमतीनं म्हणाले होते. ते वाक्य संपेपर्यंत खुर्ची रिकामी होती. लांबलचक व्हरांड्यातून ती वाऱ्यासारखी सुटली, खांबाला हात लावून वळली, दुसऱ्या खांबाकडे झेपावली. बायको नर्सच्या आवाजात ओरडली, "दवाखान्यात पळायचं न्हाई!" आणि ओरडत ओरडत स्वतःच तिच्यामागं पळत सुटली. चप्पल हातात घेऊन मीही.