बिअरचा चोथा आणि आमच्या मेंढ्या

त्या हॉटेलात आम्ही पहिल्यांदा पुढच्या दारानं गेलो, तेव्हा आबांनी पायरीवर चपला काढल्या. आबा म्हणजे माझे वडील. हॉटेल चालवणारा दादा आतून लगबगीनं आला आणि म्हणाला, "काका, असू द्या, चपला घालूनच या." आबा म्हणाले, "राहू द्या सायब, तुमची फरशी लई चकचकीत हाय." माझ्या चपलांचं काय करावं ते मला कळेना. शेवटी मीही काढल्या. आमच्या मागून आलेल्या आजोबांनी मात्र काढल्या नाहीत. ते काही पाहुणचाराला आले नव्हते. खात्री करायला आले होते.

हे हॉटेल वसमतच्या अलीकडं, रस्त्याला लागून आहे. तिथं बिअर बाटलीतून येत नाही, तिथंच बनते. दादा पुण्याला अशाच एका ठिकाणी कामाला होता. परत येऊन त्यानं बापाच्या वावराच्या कडेला हे सुरू केलं. बिअरसाठी मोड आणून वाळवलेले जव लागतात आणि ते भरडायची चक्की मागच्या बाजूला घरघरत असते, म्हणून आमच्याकडं लोक त्याला गिरणीच म्हणतात. "कुटं निघाला?" "गिरणीवर." यावर हसणारे हसतात.

आबाही दोन वर्षांपासून गिरणीवर जात होते, पण मागच्या दारानं. भरडलेले जव गरम पाण्यात भिजवून त्याचं गोड पाणी काढून घेतलं की खाली चोथा उरतो. दादाला त्याचा उपयोग नाही. आबांनी एकदा मेंढ्या घेऊन जाताना तो उकिरड्यावर पडलेला पाहिला आणि विचारलं. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी आबा मोटरसायकलला दोन निळे ड्रम बांधून जायचे. बदल्यात दादानं कधी काही मागितलं नाही. उन्हाळ्यात रानात चघळायलासुद्धा काही राहत नाही. त्या दिवसांत त्या चोथ्यावर आमच्या कितीतरी कोकरांनी दिवस काढले.

आणि आजोबा. त्यांचं आमचं रक्ताचं नातं नाही. कुरुंद्याजवळ त्यांचं हळदीचं वावर आहे. हळद काढून झाली की आम्ही दरवर्षी तिथं मेंढ्या बसवतो. म्हणजे रोज संध्याकाळी जाळीचं वाडगं करून कळप त्या वावरात ठेवायचा, दर दिवशी जागा थोडी पुढं सरकवायची. लेंड्यांचं खत वावराला मिळतं, आणि आम्हाला आजोबांच्या विहिरीचं पाणी, झाडांची सावली आणि जाताना ज्वारी. आई वर्षातले तेवढे दिवस एका जागी चूल मांडते. मी बारावीला होते तेव्हा परीक्षा नेमकी त्याच दिवसांत आली होती. आजोबांनी बियाण्याच्या खोलीतली पोती एका अंगाला सारून मला बसायला जागा केली होती. "लेकरू वाचून राहिलं, इकडं कुणी गलका करू नका," असं ते स्वतःच मोठ्यानं ओरडून सांगायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीला गेलेलं नव्हतं. त्या खोलीत हळदीचा इतका वास असायचा की माझी वही अजून उघडली तरी तो येतो.

या वर्षी आजोबांनी नाही म्हटलं.

ते आमच्या पालावर आले होते, आबा ड्रमातून चोथा काढत होते. आजोबा दोन पावलं मागं सरले. म्हणाले, "तुझ्या मेंढ्या दारूचं खाऊन राहिल्या म्हणं. मला वाटलं लोकं मस्करी करतेत. वास तं तोच हाय."

"दारूचं न्हाई मालक, चोथा हाय. जवाचा."

"वास तोच हाय," आजोबा पुन्हा म्हणाले. "माझ्या वावरात नको."

आबांनी ड्रमावर झाकण लावलं. आजोबांचा धाकटा भाऊ दारूनं गेला, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या घरात त्यानंतर कुणी दारूचं नावसुद्धा काढत नाही. अशा माणसाशी वाद घालायला आबांची जीभ उचलणार नव्हती. पण आजोबांचं वावर नसेल तर उन्हाचं कुठं जायचं, हे आबांना माहीत नव्हतं. आई रोज संध्याकाळी कोकरं मोजते, त्या दिवशी तिनं मोजली नाहीत, नुसतीच त्यांच्याकडं बघत बसली.

मी सुट्टीला आले होते. मी हिंगोलीला बी.एस्सी. करते, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. आबा म्हणाले, "तू त्याचंच शिकून राहिली ना? मग तू सांग त्यांना."

मी काय सांगणार होते? दारू यीस्टमुळं होते एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पण चोथा यीस्ट घालायच्या आधी काढतात की नंतर, हे पुस्तकात नव्हतं, किंवा मी नीट वाचलं नव्हतं. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, फोनवर काय सांगू. मंगळवारी या, त्या दिवशी जव भिजवून नवा माल लावतो. त्या आजोबांनाही आणा. बघा, मग इथंच जेवा."

आजोबांना विचारायला मीच गेले. "यीन," ते म्हणाले, "पर तिथलं पाणी बी पिणार न्हाई."

तर असे आम्ही तिघं मंगळवारी अकरा वाजता तिथं उभे होतो.

मागच्या खोलीत स्टीलची मोठी भांडी होती. एकाचं झाकण दादानं उघडलं. वाफ आली, आणि लापशीसारखा गोड वास. आजोबा वाकून बघत होते. "हे तं हळद शिजवायच्या कुकरवाणी हाय," ते म्हणाले. दादा म्हणाला, "तसंच आहे आजोबा. तुम्ही हळद शिजवता, आम्ही जव." मग त्यानं नळ सोडून स्टीलच्या पेल्यात ते पाणी घेतलं. आधी आबा प्यायले, मग मी. उसाच्या काकवीत पाणी घातल्यासारखं लागलं. आजोबांनी पेला नाकाशी धरला, जिभेचं टोक लावलं.

"ह्यात न्हाई?"

"अजून काहीच नाही," दादा म्हणाला. "हे पाणी तिकडं जातं, उकळतं, थंड होतं. मग त्यात यीस्ट पडतं. दारू त्यानंतर. चोथा तर इथंच राहिला."

आजोबांनी चोथ्याची मूठ भरून घेतली, पिळली, हुंगली. मग चिमूटभर तोंडात टाकून चावत राहिले. "जवारीच्या कण्या," ते म्हणाले. आबांकडं बघून त्यांनी मान हलवली. आबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला अजून दिसतं. एखादं ओझं कुणी न मागता हातातून घ्यावं, तसं.

मग जेवण. दादानं आम्हाला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. ज्वारीची भाकरी, शेवभाजी, मिरचीचा ठेचा, ताक. आजोबांनी पाण्याची बाटली पिशवीतून आणली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली, पण भाकरीला नाही म्हणाले नाहीत. दादानं आबांसमोर बिअरचा ग्लास आणून ठेवला. "काका, दोन वर्षं मागनं येऊन राहिले. आज पुढनं आलात."

आबांनी ग्लासाला हात लावला नाही. आजोबांच्या समोर कसा लावणार? आजोबा ठेचा भाकरीला लावत म्हणाले, "घे की. मेंढ्या खातेत, तुला काहून लाज वाटून राहिली?"

"मालक, तुमच्यासमोर..."

"मी खिडकीतनं रस्ता बघतो. घे."

आणि खरंच ते रस्त्याकडं बघत बसले. आबांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. दोन वर्षं ड्रम वाहिले, पण ती बिअर त्यांनी कधी चाखलेली नव्हती. "कडू हाय की," ते म्हणाले. "मघाचं गोड हुतं ते. ते गोड कुटं गेलं?"

दादा हसला आणि माझ्याकडं हात केला. "ताईंना विचारा."

मला आनंद झाला. खरं सांगते, तीन वर्षांत घरच्या कुणी मला माझ्या अभ्यासातलं काही विचारलेलं नव्हतं. मी सांगायला लागले. यीस्ट म्हणजे डोळ्याला न दिसणारा जीव, तो गोड खातो आणि त्याची दारू करतो. "मग तो जीव आणतेत कुठनं?" आबांनी विचारलं. मी म्हणाले, हे लोक विकत आणतात, पण तसा तो हवेत सगळीकडंच असतो, धान्यावर असतो, ओलं गोड काही उघडं राहिलं की आपोआप...

"वास घेऊन बघ," आबा म्हणाले आणि ग्लास माझ्याकडं सरकवला. मी वास घेतला. आणि माझी भाकरी हातातच राहिली.

तो वास मला ओळखीचा होता. कडू नव्हे, त्याखालचा आंबूस. आमच्या निळ्या ड्रमाचं झाकण तिसऱ्या दिवशी उघडलं की तोच यायचा. मंगळवारचा चोथा आबा शुक्रवारपर्यंत पुरवायचे. ओला, कोमट, झाकण घट्ट लावून, पालाबाहेर उन्हात. दही झाकून ठेवावं तसं त्यांनी ते जपून ठेवलं होतं. मी आत्ताच माझ्या तोंडानं सांगितलं होतं की अशा वेळी काय होतं.

आजोबांचं मन वळलं होतं. त्यांनी मघाशी मान हलवली होती. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं, दादाला कळलं असतं तरी तो बोलला नसता. मला आईची चूल आठवली. मी ताकाचा पेला उचलला आणि परत ठेवला.

"काय झालं पोरी?" आजोबांनी विचारलं. ते आता खिडकीकडं बघत नव्हते.

"आजोबा," मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य मी तीनदा सुरू केलं. "इथल्या चोथ्यात काहीच नसतं. ते तुम्ही बघितलं. पण आमच्या ड्रमात... दोन-तीन दिवस राहिला की त्यात होत असणार. थोडी. तुम्हाला जो वास आला तो बरोबर आला."

आबांनी ग्लास खाली ठेवला. दादा म्हणाला, "चूक माझी आहे. शिळा ठेवू नका हे मी काकांना सांगायला पाहिजे होतं." आजोबांनी भाकरीचा राहिलेला तुकडा भाजीत बुडवला, सावकाश खाल्ला. मग म्हणाले, "म्हंजी माझं नाक खोटं न्हाई." आणि दादाकडं त्यांनी अर्धी भाकरी आणखी मागून घेतली. त्याचा अर्थ काय लावावा, ते मला कळलं नाही.

आजोबा कुरुंद्याच्या ऑटोत बसून गेले. "उद्या सांगतो," एवढंच म्हणाले. आबा आणि मी मोटरसायकलवरून निघालो. त्या दिवशी ड्रम बांधलेले नव्हते. वाटेत आबा पुढून बोलले, "बोलली नसती तं चाललं असतं."

मी म्हणाले, "व्हय."

आणखी थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "मला तं म्हाईतच नव्हतं. मीच त्यांना आजवर खोटं सांगून राहिलो व्हतो म्हण की." मग गाडी हळू करून, मागं न बघता, "बराबर बोलली. आता काय व्हईल ते व्हऊ दे."

घरी आईला आम्ही दोघांनीही नीट काही सांगितलं नाही. तिनं ओळखलं असावं, कारण तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा सकाळीच आले. खांद्यावर हळद वाळवायची ताडपत्री होती, जागोजाग पिवळी झालेली. ती त्यांनी पालासमोर टाकली. "ताजं असंल तेवढं त्याच दिशी घाला," ते आबांना म्हणाले. "उरलं ते ह्याच्यावर पातळ पसरा, उन्हात कडक वाळवा. हळद वाळवतो तसं. ड्रम माझ्या बांधाच्या आत आला नाही पायजे."

"न्हाई येणार मालक."

"मी रोज येऊन वास घेणार हाय."

"घ्या की."

मग माझ्याकडं वळून ते म्हणाले, "वाळल्यावर तं न्हाई ना होत?"

मी म्हणाले, "नाही. पाणी नसलं की यीस्टला काही करता येत नाही." हे मात्र मला नक्की माहीत होतं.

"मग परवा या," ते म्हणाले. "मेंढ्यांच्या पाण्याला विहिरीचा पाइप काढून ठेवतो."

मी हे लिहितेय ते बियाण्याच्या त्याच खोलीत बसून. परीक्षा जवळ आली आहे, आणि पोती परत एका अंगाला सारलेली आहेत. बाहेर ताडपत्रीवर चोथा वाळतो आहे. थोड्या वेळापूर्वी आजोबा आले, वाकून त्यांनी मूठभर उचलला, नाकाशी धरला. आबा जाळीपाशी उभे राहून त्यांच्याकडं बघत होते. रोज असेच बघतात, जणू पेपर तपासला जातोय. आजोबांनी मूठ सगळ्यात जवळच्या मेंढीपुढं उघडली आणि हात धोतराला पुसला.